शिशाची झालर

११ जानेवारी

बेडके,

ह्या नावाला अजून ओ देतेस की नाही, माहीत नाही. दुसरं नाव लिहायला हात वळेना, म्हणून हेच लिहिलं. पत्ता काकूकडून घेतला. फोन नंबरही देत होती ती, पण माझा आवाज ऐकून पहिल्याच शब्दाला तू फोन ठेवला असतास. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

वाईट बातमी काही नाही, घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. एक माझा उजवा गुडघा सोडला तर.

त्याचंच सांगायचं होतं. तेहतीस वर्षं मी पडदे शिवतेय, त्यातली निम्मी पायानं चालवायच्या मशीनवर गेली. गुडघ्यानं आता हात टेकले आहेत. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. मी म्हटलं, चालल्याशिवाय वजन उतरत नाही आणि चाललं की गुडघा दुखतो, मग करू काय? ते म्हणाले, "पोहता येतं का?"

मी "नाही" म्हणाले. तोंडातून पटकन गेलंच. हे शेजारी बसले होते. हे आपले मोठ्या कौतुकानं सांगतात, "येतं की! लहानपणी हिचे वडील वॉटर सप्लायला होते ना, दोघी बहिणी पंपहाऊसमागच्या जुन्या टाकीतच वाढल्या म्हणे." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोर्टात खोटी साक्ष दिली. मग कागदावर लिहून दिलं: पोहणे, आठवड्यातून पाच दिवस.

आता एकोणसाठाव्या वर्षी मी पोहायचं. तू सांग, काय म्हणायचं ह्याला?

अकरा वर्षं आपण बोललो नाही, त्याबद्दल मला आत्ता काही लिहायचं नाही. तू माझ्या मुलाच्या लग्नाला आली नाहीस, ते मी विसरले नाही. त्याआधी काय झालं, ते तूही विसरली नसशील. फिटंफाट झाली म्हणायची. माझं काही चुकलं असं कबूल करायला मी हे पत्र लिहीत नाहीये, उगाच गैरसमज नको.

काकू म्हणत होती, तुझ्या घराच्या अगदी समोर मोठा तलाव आहे पोहण्याचा. म्हणजे तुझी चंगळच. रोज सकाळी डुंबत असशील. तर तुला एवढंच विचारायचं होतं, पंचेचाळीस वर्षांनी पाण्यात उतरलं तर अंगाला आठवतं का गं? की नव्यानं शिकावं लागतं?

लिहिलंस तर बरं. नाही लिहिलंस तरी काही अडत नाही.

ताई

२९ जानेवारी

बेडके,

उत्तर नाही आलं. चालेल.

मी पोहायला जायला लागले. तलाव आमच्यापासून दोन चौक सोडून आहे, आत बांधलेला, वरून छप्पर. सकाळी साडेसहा ते साडेसात बायकांची बॅच असते, चौदा-पंधरा जणी. शिकवणारी पन्नाशीची आहे, गळ्यात कायम शिट्टी. मी मनातल्या मनात तिला शिट्टीबाईच म्हणते.

छान चाललंय. पाणी कोमट असतं. कालच दोन फेऱ्या मारल्या. गुडघा एकदम हलका वाटतो. हे म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलंय. ह्यांचा चष्मा बदलायला झालाय.

कळवावं म्हणून कळवलं.

ताई

१६ फेब्रुवारी

बेडके,

मागचं पत्र खोटं होतं. दोन फेऱ्या सोड, मी पाण्यात करंगळीसुद्धा बुडवलेली नाही.

तलावावर जाते हे खरं. रोज जाते. कपडे बदलायच्या खोलीत जाते, दुकानातून आणलेला पोहण्याचा पोशाख चढवते, त्यावर गुडघ्याखाली येणारा गाऊन चढवते आणि बाकावर बसते. तासभर बसते. बॅच सुटायच्या आत नळाखाली केस ओले करते, पोशाख बादलीत बुडवून पिळते आणि घरी येते. हे दाराशी टॉवेल घेऊन उभे. "किती फेऱ्या?" विचारतात. मी सांगते तीन, चार. परवा पाच सांगितल्या तर म्हणाले, फार दमू नकोस. ह्या वयात नवऱ्यापासून लपवायला मला हे सापडलं, बघ.

का बसते ते सांगते. त्या खोलीचं दार उघडलं की पाय धुवायचा छोटा हौद आहे. त्याच्या अलीकडे भिंतीला खुंट्या. टॉवेल, गाऊन, जे असेल ते तिथं टांगायचं, पलीकडे न्यायचं नाही, असा नियम आहे. भिंतीवर तशी पाटीच लावली आहे. हौदापासून तलावाच्या कठड्यापर्यंत बावीस पावलं. मी दाराच्या फटीतून मोजली आहेत, दुसऱ्यांची. बरं, वरच्या मजल्यावर काचेच्या मागे कॅन्टीन आहे. बायकांना सोडायला आलेले नवरे, मुलं तिथं चहा पीत बसलेली असतात आणि तिथून खालचं सगळं दिसतं. ती बावीस पावलं ह्या दंडांनी, ह्या मांड्यांनी, त्या एवढ्याशा कपड्यात चालायची. माझ्याच्यानं होत नाही.

बॅचमध्ये एक निवृत्त नर्स आहे. पोटावर शस्त्रक्रियेचा वीतभर व्रण, आणि बाई खुशाल टॉवेल खांद्यावर टाकून अर्धा अर्धा तास गप्पा मारते. तिनं माझं बिंग पहिल्या आठवड्यातच ओळखलं. म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं मी माणसं बिनकपड्यांचीच पाहत आले. तुमच्यात नवीन ते काय असणार?" मला हसू आलं. पण उठले नाही.

तुला एक कधीच सांगितलं नव्हतं. टाकीत पोहणं मी कान दुखतो म्हणून सोडलं, असं तुला वाटतं ना? कान कधी दुखतच नव्हता. मी चौदाची होते, तू अकराची. तू त्या दिवशी शाळेत होतीस. पंपहाऊसची पाहणी करायला वरचे दोन साहेब आले होते आणि मी नेमकी टाकीच्या लोखंडी शिडीवरून वर चढत होते. तेव्हाही मी अंगानं भरलेलीच. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "आता टाकीतलं पाणी हातभर खाली गेलं असेल." दोघं हसले. आणि बाबाही हसले. बाबांना हसावंच लागलं असेल, साहेब होते ते. एवढं मला आता कळतं. तेव्हा मी ओल्या फ्रॉकवर पंपहाऊसमधलं पोतं गुंडाळून घरी गेले आणि आईला सांगितलं, कान ठणकतोय. पुढं तू एकटीच जायला लागलीस. बाबा तुझ्या कमरेला दोर बांधायचे, आणि मी ओट्यावर बसून तुझे कपडे सांभाळायची.

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

आता मी एक ठरवलंय. ती बावीस पावलं उघड्या अंगानं चालायची आणि तलावाची एक लांबी, पंचवीस मीटर, मधे कठडा न धरता पोहायची. ते होईपर्यंत हॉटेलातल्या त्या दुपारबद्दल तुझ्याशी बोलायचा मला हक्क नाही. झालं तर बोलेन. नाही झालं तर ही पत्रं बंद करेन, तुलाही सुटका.

ताई

८ मार्च

बेडके,

पडदेवालीनं पोहण्याचा पोशाख शिवला तर काय होतं, ते ऐक. खुर्चीत बसून ऐक.

दुकानातल्या पोशाखाला कमरेखाली चार बोटांची झालर असते, नावाला. मी म्हटलं, आपल्या हातात कला आहे, आपण का अडून बसायचं? कापड आणलं आणि गुडघ्यापर्यंत येईल असा घेर शिवला. दोन दिवस खपले. मग लक्षात आलं की पाण्यात तो घेर वर येणार. नर्सची तेवढीशी झालरसुद्धा उलट्या छत्रीसारखी तरंगताना मी फटीतून पाहिली होती. म्हणजे झाकायचं ते झाकलं जाणारच नाही.

आता मला सांग, पडदा वाऱ्यानं उडत असेल तर आपण काय करतो? खालच्या दुमडीत वजन घालतो. शिशाच्या मण्यांची साखळी असते, कापडी नळीत भरलेली. दुमडीतून ओवली की पडदा सरळ पडतो, हलत नाही. नाट्यगृहाचा पडदा केला होता त्यातली जाड साखळी माझ्याकडे उरली होती. मी ती घेराच्या दुमडीत घातली. एका फेऱ्यानं समाधान होईना, म्हणून दोन फेरे घातले. आरशासमोर उभी राहिले. असा पडला तो घेर, एक चुणी इकडची तिकडे नाही. मीच माझी पाठ थोपटली. तेहतीस वर्षांत इतकं सुबक काम झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाऊन खुंटीला लावला आणि बाहेर पडले. चालताना ते शिसं गुडघ्यावर आपटत होतं, पण चालले. ती बावीस पावलं मी धरत नाही, कारण तसं पाहिलं तर मी पडद्याआडूनच चालले होते. कठड्याच्या पायऱ्या उतरून छातीएवढ्या पाण्यात गेले. आणि बेडके, अंगाला आठवतं गं! मी तुला उगाच विचारलं. हात आपोआप पुढे गेले. नाकात तोच जुना गारवा शिरला. मला रडू आलं, पण पाण्यात ते कुणाला कळत नाही.

उथळ भागात पाय टेकत टेकत तीनदा इकडून तिकडे गेले. मग मला चेव चढला. शिट्टीबाईची पाठ होती. मी उथळ भागाची दोरी ओलांडली आणि खोल भागाकडे निघाले.

आठ-दहा हात मारले असतील. पाय मागे तरंगायला हवेत ना, ते वर येईचनात. कमरेपासून खाली कुणीतरी धरून ओढावं तसं. मी जोर लावला. जेवढा जोर लावावा तेवढा घेर पायांना गुंडाळत जाई. तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, परत गेलं. ओरडायला तोंड उघडलं तर पाणीच आत. तिसऱ्यांदा खाली गेले तेव्हा तळाच्या निळ्या फरश्या इतक्या जवळ दिसल्या की माझं धाबं दणाणलं. मुलाचा चेहरा, ह्यांचा चेहरा वगैरे काही दिसलं नाही. मनात एकच आलं, आता मला सगळ्यांसमोर बाहेर काढणार. मरायला टेकले होते आणि मला ती काळजी.

शिट्टीबाई अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकून आली. काखेत हात घालून तिनं मला कठड्याला आणलं. नर्स आणि आणखी दोघींनी वर ओढलं. मी फरशीवर पालथी पडून पाणी ओकत होते, आणि शिट्टीबाई घेर चाचपत होती.

"हे काय आहे?"

"शिसं," मी म्हटलं.

"कसलं शिसं?"

"पडद्याचं. झालर उडू नये म्हणून."

मग नर्सला फस्सकन हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळ्याच हसायला लागल्या. मी वाट पाहत होते, आता मला लागेल, टाकीच्या शिडीवर लागलं होतं तसं. तेवढ्यात नर्सनं तिचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, नियम मोडून, आणि हसता हसताच माझी पाठ चोळायला लागली. मलाही हसू आलं. खोकला आणि हसू एकदमच.

शिट्टीबाई तेवढी हसत नव्हती. ती रागानं लाल झाली होती, केसांतून पाणी गळत होतं. म्हणाली, "मांड्या दिसू नयेत म्हणून बुडून मरायला निघाला होतात, बाई?"

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, बाकावर बसायचे ते पाच-सहा आठवडेसुद्धा. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या पाच फेऱ्या?" मी म्हटलं, "नळाखालच्या." दिवसभर हे माझ्याशी बोलले नाहीत.

ताई

३० मार्च

बेडके,

झालं.

दोन आठवडे शिट्टीबाईनं मला खोल भागात पाऊल टाकू दिलं नाही. दुकानातला पोशाख घालून या, नाहीतर येऊ नका, म्हणाली. पहिला दिवस सांगते. गाऊन खुंटीला लावला, हौदात पाय बुचकळले आणि निघाले. कुणी पाहिलं नाही असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण पाहिलं. कॅन्टीनमधला एक गृहस्थ चहाचा कप हातात धरून सरळ माझ्याकडे बघत होता. दहाव्या-अकराव्या पावलाला मला दिसला. परत फिरायचं तर तेवढंच अंतर. माझे हात आपोआप पोटावर आले होते. ते खाली घेतले आणि पुढे चालले. तो बघून झाल्यावर पेपर वाचायला लागला. एवढंच. माझं सारं अंग त्याला चहाच्या एका घोटापुरतं पुरलं.

पंचवीस मीटर काल पूर्ण केले. तीन वेळा हुकले, काल झाले. नर्स बाजूच्या रांगेतून सोबत येत होती, आणि बोलत होती, अर्थातच. कठड्याला हात लागला तेव्हा शिट्टीबाईनं एकदा शिट्टी वाजवली. तिच्याकडून तेवढंच कौतुक मिळतं.

आता दुसरं. ठरल्याप्रमाणे.

मुलाच्या लग्नाआधी दोन्ही घरची माणसं त्या तळ्याकाठच्या हॉटेलात दोन दिवस राहिली होती. तू जेवणाआधी हॉटेलच्या तलावात उतरलीस. तेव्हा तू पंचेचाळीसची. पोरं कडेला उभी राहून टाळ्या पिटत होती. मी विहीणबाईंच्या शेजारी टेबलाशी बसले होते. त्या मला म्हणाल्या, "तुमची बहीण किती सुरेख पोहते हो." तू शिडीवरून वर येत होतीस, मान मागे टाकून, केस पिळत. तेव्हा मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "अगं बये, आरशात बघ जरा! डबक्यातून म्हैस निघावी तशी दिसतेस. वयाला तरी शोभेल असं वाग." आणि टेबलावरची चादर ओढून तुझ्या अंगावर फेकली. विहीणबाई सोडून बाकी सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

तू ती चादर गळ्यापर्यंत ओढून उभी राहिलीस. तुझा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. चार वाजायच्या आत तू सामान घेऊन निघून गेलीस.

अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले, चारचौघांत व्याह्यांसमोर घराची शोभा नको म्हणून बोलले, आणि हिला केवढा तो राग. ह्यांनाही हेच सांगितलं. स्वतःलाही हेच सांगितलं. खरं तसं नव्हतं. तू माझ्यापेक्षा बारीकही नव्हतीस. माझ्यासारखीच होतीस, तेच खांदे, त्याच मांड्या, बाबांच्या आईकडून आलेल्या. आणि तू त्या सगळ्यानिशी शिडीवरून खुशाल वर येत होतीस. मला ते बघवलं नाही. माझा जळफळाट झाला. टाकीवरचा तो साहेब निदान परका होता. मी तर तुझी बहीण.

माझं चुकलं. 'तूसुद्धा', 'पण तूही', असं काही मी पुढे जोडणार नाही. पहिल्या पत्रात फिटंफाट म्हटलं होतं, तेही खोडून टाक. मला माफ कर असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ते तुझ्याकडून काही मागणं झालं. तू खुशाल पोहत राहा. तुझ्या तलावात, रोज. मला तेवढं पुरे.

ताई

२२ एप्रिल

बेडके,

तुझं पत्र आलं. पाकीट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. हे म्हणाले, उघड तरी. चार ओळी होत्या. दहा वेळा वाचल्या म्हणून पाठ झाल्यात, तुलाच लिहून दाखवते.

"ताई, सगळी पत्रं वाचली. शिशाचं वाचून हसले. त्या दुपारनंतर मी पाण्यात उतरलेले नाही. समोरच्या तलावाच्या बाजूची खिडकीसुद्धा मी उघडत नाही. तू पोहतेस हे चांगलं आहे."

मला वाटत होतं, तू रोज डुंबतेस. मी दर सकाळी त्या बाकावर बसून मनात म्हणायची, ती बघ, तिकडे मजेत हात मारत असेल, तिला काय. अकरा वर्षं तुझा राग आला, त्यात निम्मा त्या पोहण्याचा हेवा होता. आणि ते पोहणं मुळी नव्हतंच. मीच बंद पाडलं होतं.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हा टाकीतून बाहेर यायला नकार द्यायचीस. बाबा दोर ओढायचे आणि तू तळाशी पाय रोवून बसायचीस. म्हणून बेडकी. त्या मुलीला मी एका वाक्यात बाहेर काढलं.

मला वाटलं होतं, बावीस पावलं चालले, पंचवीस मीटर गेले, पत्रात चुकलं म्हणून लिहिलं, म्हणजे झालं माझं काम. मी चारचौघांत बोलले होते. पाकिटात घालून, डिंक लावून त्याची भरपाई होत नाही. गेले चार दिवस मी तलावावर गेले नाही. नर्सचे दोन फोन आले. तिला म्हटलं, गुडघा दुखतोय. परत खोटंच.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पत्रं पुरे झाली. तू जा."

ताई

६ मे

बेडके,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. तुमच्या इमारतीच्या खालच्या पेटीत टाकते आहे, म्हणून तिकीट नाही.

मी तुझ्या गावात आहे, कालपासून. बसस्टँडजवळच्या लॉजवर. दचकू नकोस, दारात येऊन उभी राहणार नाही. काकूला माहीत नाही, तुझ्या घरच्यांनाही कळवलेलं नाही.

समोरच्या तलावाची दहा दिवसांची वर्गणी भरली आहे. आज पहिला दिवस होता. इथं छप्पर नाही, सगळं उघड्यावर. बायकांची वेगळी बॅचही नाही, पुरुष, पोरं, म्हातारे सगळे एकत्र. तीन बाजूंना बघणाऱ्यांसाठी पायऱ्या आहेत आणि चौथ्या बाजूला रस्ता, जाळीतून येणारा-जाणारा थांबून बघू शकतो. कपड्यांच्या खोलीपासून पाण्यापर्यंत एक्केचाळीस पावलं. आमच्याकडची बावीस म्हणजे काहीच नाही, असं वाटलं. एका पोरानं दुसऱ्याला कोपरानं ढोसून मला दाखवलं, ते मी पाहिलं. हात पोटावर आले, खाली घेतले, चालले. लांबी इथं दुप्पट आहे. मधे दोनदा उताणी पडून दम खाल्ला, पण कठडा धरला नाही.

उताणी पडले की तुझी इमारत दिसते. काकूनं तिसरा मजला सांगितला होता. डावीकडून दुसरी खिडकी तुझी असावी. बाकी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

तू पाण्यात उतरावंस म्हणून मी आलेले नाही. ते तुझं तू ठरव, ह्या वर्षी, पुढच्या वर्षी, नाहीतर कधीच नको. तुला म्हटलेलं मला आता परत घेता येत नाही. पण तू चादर धरून उभी होतीस तेव्हा लोक तुझ्याकडे बघून हसले होते, माझ्यामुळे. आता मी उभी राहते, तू बघ. हसावंसं वाटलं तर मोठ्यानं हस, खालपर्यंत ऐकू येऊ दे. एवढं तरी माझ्याकडे तुझं निघतं.

आणखी नऊ दिवस आहे. सकाळी साडेसहा ते साडेसात, रस्त्याकडच्या जाळीला लागून असलेली रांग. खिडकी उघडलीसच, तर मला शोधत बसावं लागणार नाही. सगळ्या तलावात एकच जाडी बाई आहे, ती मी.

ताई